पीएलसीचा कुठला कोर्स करू? एका साध्या प्रश्नामागचा इतिहास

संशोधनाची तयारी करताय, पण विषय सुचत नाही, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. आणि सुचतो तेव्हा तो अवाढव्य असतो: 'महाराष्ट्रातील औद्योगिकीकरण', 'कौशल्यविकास आणि रोजगार'. असा विषय घेऊन मार्गदर्शकांकडे गेलात की पहिलाच सवाल येतो, "यात तुमचा प्रश्न कुठला?" म्हणून आज उलट्या टोकाने सुरुवात करू. व्यवहारातला एक छोटा प्रश्न घेऊ आणि तो इतिहासाचा प्रश्न कसा होतो ते बघू.

समजा, देवळाली कॅम्पात राहणारा एक मेंटेनन्स टेक्निशियन आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, आठ-दहा वर्षांचा अनुभव, रोज सिन्नरला किंवा अंबडला कंपनीत जातो. मोटर जळली, कॉन्टॅक्टर चिकटला, केबल तुटली, तर त्याला कुणाला विचारावं लागत नाही. पण नवीन मशीनच्या पॅनलमध्ये पीएलसी बसलाय. पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर: बटणं आणि सेन्सर यांच्याकडून माहिती घेऊन, ठरवून दिलेल्या क्रमाने मोटरी आणि व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा कारखान्यातला संगणक. ते मशीन अडलं की सगळे बाहेरच्या इंजिनिअरची वाट बघत बसतात. आपल्या माणसाची पगारवाढ आणि पुढची जागा, दोन्ही त्या डब्यापाशी अडल्या आहेत. हाताशी थोडी बचत आणि आठवड्याची एक सुट्टी. तो विचारतो, "पीएलसीचा कुठला कोर्स करू?"

उत्तरासाठी तो जाहिराती बघेल. आपण इतिहास बघू. बाजारात मिळणारे कोर्स कुणाच्या गरजेतून असे घडले, हे कळल्याशिवाय त्यातला कुठला घ्यावा हे धड सांगता येणार नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: पीएलसी ज्यांना डोळ्यासमोर ठेवून बनवला गेला, त्यांत हा मेंटेनन्सचा माणूस अगदी पुढे होता. शिकवणी मात्र बहुतेक वेळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून आखली जाते. कोर्स निवडायचा म्हणजे ही फट ओळखायची.

गनर आणि क्राफ्ट्समन

देवळालीबद्दल वाचायला गेलात तर एक गोष्ट हमखास सापडते. इंग्रजांच्या काळात मायदेशी परतणारे गोरे सैनिक बोटीची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्महिने थांबायचे, कंटाळून बिथरायचे, आणि त्यातून डोकं फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द आला. गोष्ट गमतीची आहे, खरीही आहे, पण बहुतेक लेखन तिथेच थांबतं. छावणीत वाट बघणारा सैनिक इतिहासात आला; तिथे काम शिकणारा आणि यंत्रं चालती ठेवणारा माणूस फारसा आला नाही.

देवळाली हे शिकवणीचंही गाव आहे. १९४१ मध्ये तोफखान्याची शाळा, म्हणजे स्कूल ऑफ आर्टिलरी, काकूलहून इथे आली. ही दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. सरकारला एकाच वेळी दोन प्रकारची माणसं हवी होती: तोफ डागणारी आणि तोफ, गाडी, वायरलेस दुरुस्त करणारी. दुरुस्तीसाठी १९४३ मध्ये इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स ही वेगळी कोअर उभी राहिली, तिला आपण ईएमई म्हणतो. तोफखान्यातला साधा सैनिक 'गनर', तर ईएमईतला 'क्राफ्ट्समन'. कॅम्पात वाढलेल्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तोफ एकच, पण ती चालवणं हे एक शिक्षण आणि ती दुरुस्त करणं हे दुसरं. पीएलसीच्या कोर्सकडे बघताना हाच फरक आपल्याला लागणार आहे, तो लक्षात असू द्या.

ट्रेड नावाचा कप्पा

त्याच काळात, १९४० मध्ये, देशभर युद्ध तंत्रज्ञ प्रशिक्षण योजना सुरू झाली. युद्धाच्या कारखान्यांना आणि सैन्याच्या तांत्रिक शाखांना लागणारे फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन महिन्यांच्या हिशेबात तयार करायचे होते. त्यासाठी काम तोडून छोटं केलं गेलं. एका माणसाने एक ट्रेड शिकायचा, नेमका आणि झटपट.

युद्ध संपत आलं तेव्हा जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय स्थापन झालं. सैन्यातून सुटणाऱ्यांना नागरी कामाला लावणं हा त्याचा हेतू. फाळणीनंतर निर्वासितांनाही त्यात घेतलं. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, जवळपास पन्नास संस्थांमधून. त्याच आपल्या आयटीआय. १९५६ मध्ये त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला.

इथे जरा थांबा आणि एक गोष्ट टिपून ठेवा. ही रचना युद्धाच्या घाईत घडली आणि शांततेत कायम झाली. आयटीआयला नावं ठेवायला मी हे सांगत नाहीये. लाखो घरं त्या प्रमाणपत्रावर उभी राहिली. पण ट्रेड हा कप्पा आहे. मेंटेनन्सचं काम मात्र कप्प्यात बसत नाही. मशीन बंद पडतं तेव्हा बिघाड विजेचा आहे, हवेच्या प्रेशरचा आहे, सेन्सरचा आहे की प्रोग्रॅमचा, हे मशीन सांगत नाही.

आणि आधीच नोकरीत असलेल्या माणसाचं काय? त्याच्यासाठी प्रगत व्यावसायिक प्रशिक्षणाची देशव्यापी योजना १९७७ मध्ये आली. मुंबईत चुनाभट्टीची संस्था त्यासाठी काम करू लागली. म्हणजे नवशिक्यासाठीची व्यवस्था १९५० ची आणि कामावरच्या माणसासाठीची १९७७ ची. मधली सत्तावीस वर्षं त्याचं पुढचं शिक्षण प्रामुख्याने कंपनीच्या मर्जीवर आणि सोबतच्या जुन्या माणसांवर होतं. आजही बऱ्याच ठिकाणी चित्र फार वेगळं नाही.

दरम्यान नाशिकभोवती मशीनं वाढत होती. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचा. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पुढे सातपूर, अंबड, सिन्नर. १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला, १९७० च्या सुमारास एकलहऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. त्या पिढीच्या यंत्रांचं नियंत्रण मुख्यतः रिलेंवर चालायचं.

मिशिगनमधली अडचण

रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा छोटा स्विच. 'दरवाजा बंद असेल आणि तेलाचा दाब पुरेसा असेल तरच मोटर चालू' असं काही हवं असलं की रिले एकमेकांना जोडायचे. मशीन मोठं असलं की शेकडो रिले, हजारो वायरी, भिंतभर पॅनल. अमेरिकेत मिशिगन राज्यात जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभाग गाड्यांचे गिअरबॉक्स बनवायचा. गाडीचं मॉडेल बदललं की पॅनल उसकटून पुन्हा वायरिंग करावं लागे, नाहीतर सगळं पॅनलच टाकून द्यावं लागे.

१९६८ मध्ये त्यांनी रिलेच्या जागी बसेल अशा उपकरणासाठी अटी मांडल्या. त्या अटी संशोधकाच्या डोळ्यांनी वाचा. प्रोग्रॅम कारखान्यातच सहज बदलता यावा. देखभाल-दुरुस्ती सोपी असावी. रिले पॅनलपेक्षा लहान आणि किमतीत त्याच्या तोडीस तोड असावं. 'हुशार संगणक द्या' असं त्यांनी म्हटलंच नाही. रात्रपाळीच्या माणसाला पेलवेल असं काहीतरी त्यांना हवं होतं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने ते करून दाखवलं. १९६९ मध्ये 'मॉडिकॉन ०८४' कारखान्यात पोहोचला. ०८४ का, तर तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता.

त्याची भाषा म्हणजे लॅडर. दोन उभ्या रेषा, मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी, प्रत्येक ओळीवर संपर्काच्या खुणा. रिलेची सर्किट डायग्रॅम कारखान्यातले इलेक्ट्रिशियन आधीच अशी वाचत होते. त्यांना प्रोग्रॅमर बनवण्याऐवजी संगणकालाच त्यांची लिपी शिकवली गेली.

तुमच्यापैकी ज्यांनी श्रमाचा इतिहास वाचलाय, त्यांना इथे डेव्हिड नोबल आठवतील. १९८४ च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन'मध्ये त्यांनी दाखवलं की अंकीय नियंत्रणाची यंत्रं निवडताना कारागिराच्या हातातला ताबा व्यवस्थापनाकडे नेण्याची ओढही काम करत होती. मोह होतो की हाच निष्कर्ष उचलून पीएलसीला चिकटवावा. थांबा. पीएलसीची सुरुवात निदान कागदावर तरी उलट दिशेची आहे: कारखान्यातल्या माणसाला वाचता यावं ही तिथे अट होती. एका यंत्राचा निष्कर्ष दुसऱ्या यंत्राला जसाच्या तसा लावायचा नसतो, हे इथे शिकण्यासारखं.

बिघाड दिसेनासा झाला

मग अडलं कुठे? रिले पॅनलमध्ये बिघाड डोळ्याला दिसायचा, कानाला ऐकू यायचा. रिले ओढला की 'टक' आवाज. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पॉइंट तपासत गेलं की वीज कुठे अडली ते सापडायचं. पीएलसीत मधला सगळा भाग प्रोग्रॅममध्ये गेला. तो बघायला लॅपटॉप लागतो, त्या मॉडेलची केबल लागते, सॉफ्टवेअरचं लायसन्स लागतं, आणि कधीकधी मशीन बनवणाऱ्याने टाकलेला पासवर्ड लागतो. म्हणजे ज्ञानाच्या जोडीला परवानगीचाही प्रश्न उभा राहिला.

लिपी ओळखीची असण्याचा एक धोकाही आहे. स्टॉप बटणाचं उदाहरण घ्या. ते 'नॉर्मली क्लोज्ड' जोडलेलं असतं, म्हणजे न दाबता त्यातून वीज वाहते. वायर तुटली तरी मशीन थांबावं म्हणून. त्यामुळे सगळं ठीक असताना पीएलसीच्या त्या इनपुटवर 'एक' असतो, आणि प्रोग्रॅममध्ये त्याच्यासाठी उघड्या संपर्काची खूण वापरतात. रिलेची डायग्रॅम वाचून तयार झालेला माणूस ती खूण बघतो आणि म्हणतो, "स्टॉप उघडा कसा? हे उलटं काढलंय." उलटं काही नसतं. वायरिंगची डायग्रॅम वीज कुठून वाहते ते दाखवते, लॅडर प्रोग्रॅम अट खरी आहे की नाही ते दाखवतो. शिवाय पीएलसी इनपुट वाचतो, प्रोग्रॅम क्रमाने सोडवतो, आउटपुट बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. या फेरीला स्कॅन म्हणतात. रिलेंच्या पॅनलमध्ये असं काही नव्हतं.

पुढे कंपन्यांगणिक पद्धती वेगळ्या झाल्या. सीमेन्सची एस५ मालिका १९७९ मध्ये आली, नव्वदच्या दशकाच्या मध्यात एस७. प्रत्येकीचं सॉफ्टवेअर वेगळं. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, आज त्याला आयईसी ६११३१-३ म्हणतात. त्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषा एकसारख्या मांडल्या गेल्या. पण मानकाने भाषा जवळ आल्या, केबल आणि लायसन्स नाही. आणि कारखान्यातलं मशीन मानकाची वाट बघत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कंट्रोलर तसाच चालू असतो. सीमेन्सने एस७-३०० मालिका २०२३ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, तरी ती बसवलेल्या मशीनी पुढची कित्येक वर्षं मेंटेनन्सवाल्यालाच सांभाळायच्या आहेत.

मग कोर्स कुठला?

आता बाजारातले पर्याय बघा. कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची प्रशिक्षणं: नेमकी, पण महाग, आणि एकाच ब्रँडची. खासगी क्लास: 'पीएलसी-स्काडा', दोन-तीन महिन्यांत चार-पाच ब्रँड, वर नोकरीचं आश्वासन. सरकारी संस्थांचे छोटे कोर्स: फी कमी, पण तारखा आणि सुट्टीचा मेळ बसायला हवा. शिवाय फुकटचे व्हिडिओ.

अभ्यासक्रमाचा कागद उघडा. पहिला धडा बहुतेकदा कोऱ्या पानावर प्रोग्रॅम लिहिण्याचा: ट्रॅफिक सिग्नल, लिफ्ट, पाण्याची टाकी. नोकरी शोधणाऱ्या नव्या डिप्लोमा-इंजिनिअरला हे उपयोगाचं आहे. पण आपला माणूस रात्री दोन वाजता कोरं पान बघत नसतो. दुसऱ्या कुणीतरी, कदाचित जर्मनीत किंवा जपानमध्ये, लिहिलेला प्रोग्रॅम तो वाचत असतो, आणि मागे सुपरवायझर उभा असतो. गनरचा कोर्स क्राफ्ट्समनला विकला जातोय, तो असा.

म्हणून फी भरण्याआधी त्याने क्लासवाल्याला हे प्रश्न विचारावेत, असं मी म्हणेन.

एक, माझ्या कंपनीत जो कंट्रोलर आहे तोच इथे हाताळायला मिळेल का? त्यासाठी आधी स्वतःच्या पॅनलमधल्या नेमप्लेटवरून मॉडेल लिहून न्यायचं. तीन मशीनवर एकच मालिका असेल, तर पाच ब्रँडची तोंडओळख त्याच्या कामाची नाही. मशीन एस७-३०० चं आणि शिकवणी फक्त नव्या पोर्टलवर, असं असेल तर जुन्या सॉफ्टवेअरमधला मूळ प्रोग्रॅम उघडताना तो पुन्हा अडेल.

दोन, चालू मशीनला लॅपटॉप जोडून प्रोग्रॅम 'ऑनलाइन' बघायला शिकवता का? कन्व्हेअर चालू होत नाही. सेन्सरवर दिवा लागलाय का, इनपुट कार्डावर दिवा लागलाय का, प्रोग्रॅममध्ये ती अट खरी झाली का, आउटपुटचा दिवा लागला का, पुढचा कॉन्टॅक्टर ओढला का? या पाच पायऱ्या सवयीच्या झाल्या की बिघाड कुठल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे ते सापडतं. अनुभवी मंडळी सांगतात की बिघाड बहुतेक वेळा कंट्रोलरच्या बाहेर निघतो: सेन्सर, केबल, कनेक्टर, पॉवर सप्लाय. मग हेच शिकवत नसतील तर फी कशाची?

तीन, मुद्दाम बिघाड घालून ठेवलेलं किट आहे का? की सगळं कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये? सिम्युलेशनमध्ये वायर सैल होत नाही.

चार, बॅकअप घेणं, कार्ड बदलणं, बॅकअप परत टाकणं हाताने करायला देता का? आणि सुरक्षेचे इंटरलॉक बायपास का करायचे नाहीत, हे शिकवता का? उत्पादन अडलंय म्हणून 'जरा बायपास मार' असं सांगणारे असतात. त्यात बोटं जातात, जीव जातो. ज्याला प्रोग्रॅम उघडता येतो त्याच्यावर हा दबाव जास्तच येतो.

पाचवा प्रश्न क्लासवाल्याला विचारायचा नाही, कंपनीला विचारायचा: शिकून आलो तर लॅपटॉप, लायसन्स आणि पासवर्ड माझ्या हातात देणार का? उत्तर 'नाही' असेल तर त्या मशीनपुरतं ते प्रमाणपत्र भिंतीवरच राहील. आणि 'हो' असेल, तर कोर्सची फीसुद्धा कंपनीने भरावी, हे मागायला हरकत नाही.

यातल्या पहिल्या चार प्रश्नांना बरी उत्तरं देणारा क्लास सापडला, तर तो छोटा असो, बिननावाचा असो, घ्यावा.

आता तुमच्या वहीत

या प्रश्नातून संशोधनाचं काय हाती लागलं? तीन गोष्टी.

पहिली, अभ्यासक्रम हा पुरावा आहे. पण तो काय शिकवायचं ठरलं याचा, लोक काय शिकले याचा नाही. त्यात काय गाळलंय ते शोधा. 'प्रोग्रॅमिंग' किती तासांचं आणि 'बिघाड शोधणे' किती तासांचं, एवढं मोजलंत तरी कोर्स कुणासाठी आखलाय ते उघड होतं.

दुसरी, पॅनल हेही दफ्तर आहे. नेमप्लेट, डायग्रॅमवर पेनाने केलेल्या दुरुस्त्या, नंतर ओढलेली वेगळ्या रंगाची वायर, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला फोन नंबर. तिथे वीस वर्षांचा इतिहास असतो, आणि तो कुठल्या अभिलेखागारात जमा होत नाही. जुनं मशीन भंगारात गेलं की तोही जातो. परवानगी घेऊन फोटो काढा, माणसांची आणि कंपनीची ओळख झाका.

तिसरी, माणसांचं बोलणं ऐका. ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्यांचा अभ्यास करून १९९६ मध्ये 'टॉकिंग अबाउट मशीन्स' लिहिलं. कंपनीच्या पुस्तिकेत नसलेलं ज्ञान ते टेक्निशियन एकमेकांना किस्से सांगून देत होते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे हे किस्से मराठीत, हिंदीत, चहाच्या टपरीवर सांगितले जातात. ते लिहून ठेवणारे फार थोडे आहेत. 'कौशल्याची दरी' हा शब्द अहवालांत पानोपानी दिसतो. पण ती दरी कुणाच्या बाजूने मोजलीय, मालकाच्या की रात्रपाळीवाल्याच्या, हे विचारायला तुम्हीच हवेत.

तेव्हा एक काम देते. तुमच्या गावातला असा एक व्यवहारातला प्रश्न निवडा, ज्याचं उत्तर चुकलं तर कुणाचे तरी पैसे, सुट्ट्या किंवा बोटं जातात. तो कागदावर एका वाक्यात लिहा. खाली लिहा: ही परिस्थिती कधीपासून अशी आहे, कुणी ठरवली, आणि कुणाला विचारलं गेलं नाही. या तीन ओळी भरता आल्या, तर मार्गदर्शकांच्या त्या पहिल्या सवालाला तुमच्याकडे उत्तर असेल.